सात मोजून बोल

७ ऑक्टोबर, सोमवार

अडतीस वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त केल्या मी. निवृत्त झालो त्या दिवशी कपाटात पडून असलेल्या कोऱ्या बिघाड-वह्या सोबत घेऊन आलो. कुणाला नकोच होत्या, सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. आज त्यातली एक उघडली. दर पानावर तीन रकाने छापलेले आहेत. तक्रार, कारण, उपाय. माणसानं याहून जास्त लिहू नये असं माझं मत आहे, पण रकाने अरुंद पडले, म्हणून खाली लिहितोय.

तक्रार: आईच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा. चित्र वेळेवर येतं, आवाज सात सेकंद उशिरा. माझा आवाजही तिच्याकडे तितकाच उशिरा पोचतो.

कारण: शोधतोय.

उपाय: सापडेल. आजवर न सापडलेला बिघाड माझ्या नावावर नाही.

आई ब्याण्णव वर्षांची आहे आणि शेतावरच्या घरात एकटी राहते. मी फार्गोत, गाडीनं साडेचार तासांवर. बहीण अर्डिस तिच्यापासून बारा मैलांवर. ऑगस्टमध्ये मी फ्रिजच्या वर हा कॅमेरा बसवला, त्यातून दिसतं, ऐकू येतं, बोलताही येतं. अर्डिसला मात्र आईला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवायचंय. काल फोनवर म्हणाली, "थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत थांबते. तोवर मला पटवून दे की ती एकटी राहू शकते."

तिचा पुरावा काय, तर आई न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देते. अगं बाई, देणारच. मी विचारतो, "जेवलीस का?" ते तिला सात सेकंदांनी ऐकू येतं. तोवर मी विचारून बसलेला असतो, "मांजर कुठंय?" मग ती म्हणते, "हो, थोडंसं." अर्डिस शेजारी उभी असते आणि तिला वाटतं म्हातारीचं डोकं चालेना. डोकं ठीक आहे. आवाज उशिरा जातोय.

मी स्वतः ऑगस्टमध्ये दिवसभर तिच्यासोबत होतो ना. उलट थट्टेच्या मूडमध्ये होती. मी कंपनीची जुनी टोपी घातली होती. शिडीवर चढलो तर म्हणते, "कंपनीनं फार लवकर पाठवलं हो तुम्हाला. कॉफी घेणार ना?" दिवसभर मला अहो-जाहो चाललं होतं. निघताना म्हणाली, "आमचा लीलँडही तुमच्याच खात्यात आहे." लीलँड म्हणजे मीच. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. आईची थट्टा पहिल्यापासून अशीच, कोरडी.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज मोजमाप केलं. आईला टाळी वाजवायला सांगितलं. तिचे हात एकमेकांना लागलेले दिसले आणि टाळी सात सेकंदांनी आली. पाच वेळा केलं. पाचही वेळा सात. सहाव्या वेळी ती म्हणाली, "झालं का तुझं? हात दुखले."

तात्पुरता उपाय म्हणून नियम घालून दिला. मी बोललो की तिनं सात मोजायचे आणि मग बोलायचं. मीही तसंच करायचं. तिला लगेच पटलं. ती बोटांवर मोजते, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन, ओठ हलवत. मग बोलते. संभाषण एकदम सरळ झालं. अर्डिसला बघायला बोलावलं पाहिजे होतं.

तिनंही एक अट घातली. "असा एकदम घरात घुसून बोलू नकोस. आधी घंटी दे." कॅमेऱ्याला कसली आलीय घंटी. मग मी शीळ घातली, दोन लांब, एक आखूड. आमच्या लहानपणी त्या रस्त्यावरच्या अकरा घरांना मिळून टेलिफोनची एकच तार होती, फोन उचलला की कुणालाही दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, आणि प्रत्येक घराची घंटी वेगळी. आमची, म्हणजे ब्रेक्के कुटुंबाची, दोन लांब, एक आखूड. शीळ ऐकल्यावर आईनं केस नीट केले आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "बोल लीलँड."

लगेच कानोसा घेऊन म्हणाली, "गुड्रुन, ऐकतेयस मला माहीत आहे. ठेव तो फोन." गुड्रुन त्वाइट आमची शेजारीण. दुसऱ्यांची बोलणी ऐकण्यात तिचा जन्म गेला. तिला जाऊन वीस वर्षं झाली. मी पोट धरून हसलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सुटल्यावर आईकडे गेली तेव्हा मी फोनवरून तिच्याकडून कामं करून घेतली. राउटर बंद कर, तीस मोज, चालू कर. आता त्याची जागा बदल. फ्रिजजवळ आण. मायक्रोवेव्हपासून लांब ने.

"फ्रिजजवळ आणू की लांब नेऊ? दोन्ही एकाच ओट्यावर आहेत."

"मधे ठेव."

"मधे आईची औषधं आहेत. ती ठेवू का राउटरच्या जागी, म्हणजे तुझा राउटर सुखात राहील?"

अर्डिसची जीभ अशी आहे. शेवटी राउटर पावाच्या डब्यावर बसला. सात सेकंदच. अर्डिस म्हणाली, "लीलँड, खरं सांग, हे नीट कशानं होणार?"

खरं सांगायचं तर मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. भिंती जुन्या, आत पत्र्याची जाळी, हवेतून जाणारा सिग्नल तिथं गुदमरतो. राउटरपासून कॅमेऱ्यापर्यंत चाळीस फूट केबल टाकली की काम झालं. भिंतीला दोन भोकं पाडायची. दुपारचं काम.

"मग ये की," ती म्हणाली.

"हवामान बघून येतो."

"आज अठरा डिग्री आहे आणि ऊन पडलंय."

गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा खरंच दुखतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

चित्राचा दर्जा खाली आणला. आई जरा धुरकट दिसते, पण आवाजाचा उशीर पाच सेकंदांवर आला. अर्डिसला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन. आज तिनं दोनदा आंघोळ केली आणि कपडे बदललेच नाहीत."

२० ऑक्टोबर, रविवार

पुन्हा सात. उशीर आपोआप साठत जातो असं दिसतं. दर सकाळी कॅमेरा बंद-चालू करून बघणार. आईला पाच मोजायला सांगितलं होतं, पण ती सातच मोजत होती. बरं झालं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आईच्या मनगटावर काळंनिळं दिसलं. चित्र धुरकट असल्यामुळे आधी वाटलं सावली असेल. शीळ घातली. विचारलं. तिनं सात मोजले.

"सगळं ठीक आहे. तुमच्याकडे कसं आहे?"

"हाताला काय झालं?"

सात. "पीक चांगलं आलंय म्हणे यंदा."

"आई, पडलीस का?"

सात. मग कॅमेऱ्याकडे बघून डोळे मोठे केले, लहानपणी पाहुण्यांसमोर मी काही भलतंच बोललो की करायची तसे. "सगळं ठीक आहे, लीलँड. ठेवते आता."

मग अर्डिसचा फोन. आई कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यापाशी पडली होती, मंगळवारी. खुराडं रिकामं आहे, कोंबड्या काढूनही तीस वर्षं झाली. ती अंडी काढायला गेली होती.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"मी समोर बसले होते. तिनं सांगितलं."

"मला नाही सांगितलं."

"तुला कसं सांगेल? तू लाइनवर आहेस. लाइनवर ती असलं बोलत नाही. दुखणं, भांडण, पैसाअडका, सगळं घरात. लाइनवर सगळं ठीकच असायचं. विसरलास?"

मी विसरलो नाही. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हाही आईनं डॉक्टरला फोनवर सांगितलं होतं, जमल्यास सवडीनं येऊन जा. अकरा घरं ऐकत होती ना. डॉक्टर सवडीनंच आले.

पण मला वाईट वाटलं. मी परका थोडाच आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

पहिला बर्फ पडला. रस्ते बरे आहेत असं बातम्यांत सांगितलं. तरी गेलो नाही.

केबलचं भेंडोळं तीन आठवडे गाडीच्या डिकीत पडलंय. ड्रिल चार्ज करून ठेवलंय. आज सकाळी थर्मासमध्ये कॉफीही भरली होती. किल्ली हातात घेऊन दारात उभा राहिलो आणि पाय निघेना. मग ती कॉफी इथंच टेबलाशी बसून प्यायलो.

ही वही कुणी वाचणार नाही, तर लिहून टाकतो. कॅमेऱ्यातून बोललो की आई मला ओळखते. शीळ घातली रे घातली की "बोल लीलँड". एकदाही चुकली नाही. कारण तिला माझं तोंड दिसत नाही. ऑगस्टमधली ती थट्टाच होती, मला पक्कं माहीत आहे. पण पुन्हा तशी थट्टा केली तर मला सोसवेल असं वाटत नाही.

उद्यापासून नवीन सॉफ्टवेअर टाकून बघतो.

९ नोव्हेंबर, शनिवार

अर्डिसशी कडाक्याचं भांडण. तळघराच्या दाराला कुलूप लावायचं म्हणत होती. ते दार स्वयंपाकघरातूनच उघडतं, आत नऊ पायऱ्या, खाली बटाटे.

मी म्हणालो, "स्वतःच्या घरात कुलूप? साठ-सत्तर वर्षं ती त्या पायऱ्या चढतेय-उतरतेय. अंधारातही पाय चुकायचा नाही. कठडा मी स्वतः बसवलाय."

"कठडा बसवून तू फार्गोला गेलास. मी तिथं जाऊन दर वेळी आधी खाली डोकावून बघते, पडलीय का म्हणून. मग कोट काढते."

"मी लक्ष ठेवतो ना. दिवसभर फोन समोर असतो माझ्या."

"लक्ष ठेवतोस म्हणजे बघत बसतोस."

"दिसलं तर बोलता येतं."

"सात सेकंदांनी," अर्डिस म्हणाली आणि फोन ठेवला.

कुलूप लावलं नाही तिनं. माझंच ऐकलं. सहसा ऐकत नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी आठ वाजून चौदा मिनिटं.

आई ओट्यापाशी होती. लेफ्सेचा पोळपाट काढून ठेवला होता, तो मोठा, गोल. सणासाठी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायच्या म्हणून बटाटे आणायला निघाली असणार. हातात लहान टोपली. तिनं तळघराचं दार उघडलं.

मी ओरडलो, "आई, थांब." शीळ घातली नाही. वेळ नव्हता.

ती कठडा धरून सावकाश उतरायला लागली. पहिली पायरी, दुसरी. मग थांबली, मागे वळली, वर कॅमेऱ्याकडे बघितलं. आणि दिसेनाशी झाली. काही आवाज नाही. नुसतं उघडं दार.

आवाज नंतर आले. मी तोवर अर्डिसचा नंबर फिरवत होतो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन झालं. मी शुक्रवारी दुपारीच पोचलो. साडेचार तासांचा रस्ता चार तासांत कापला. गुडघा दुखला नाही.

आई औषधांच्या गुंगीत आहे. मी हात धरून बसलो. तिनं एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डॉक्टर, मला घरी जायचंय." गुंगी फार आहे अजून.

अर्डिस एक अक्षर बोलत नाही मला. कुलूप, कॅमेरा, काही नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तिच्या घरी झोप म्हणाली, पण मी शेतावरच्या घरी आलो. पोळपाट ओट्यावर तसाच होता. पुसून ठेवला.

कॅमेऱ्याच्या आत एक लहान कार्ड असतं. फोनवर आवाज उशिरा येतो, पण कार्डावर चित्र आणि आवाज बरोबर जुळलेले असतात, जसं त्या खोलीत घडलं तसं. आज दुपारी ते काढून बघितलं. वेळा मांडल्या. हे माझं कामच होतं आयुष्यभर.

आठ-चौदा-वीस: दार उघडलं.
आठ-चौदा-बावीस: मी फार्गोत ओरडलो.
आठ-चौदा-सव्वीस: पहिली पायरी. कठड्यावर हात घट्ट, टोपली कोपरात. पाय बरोबर पडतोय.
आठ-चौदा-एकोणतीस: दुसरी पायरी. आणि इथं खोलीत माझा आवाज. "आई, थांब."
आठ-चौदा-तीस: ती दचकते. कठड्यावरचा हात सोडून मागे वळते. म्हणते, "लीलँड?"
आठ-चौदा-एकतीस.

तीन वेळा बघितलं. वेळा बरोबर आहेत.

ती मला बघायला वळली. दारातून कुणी हाक मारली तर माणूस बघतो तशी. माझं तोंड शोधत होती.

मी काही बोललो नसतो तर ती बटाटे घेऊन वर आली असती. आणि ही केबल ऑक्टोबरमध्ये टाकली असती तर माझा आवाज ती दारात असतानाच पोचला असता आणि ती थांबली असती. कसंही मांडलं तरी माझ्यावरच येतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

केबल टाकली. दोन भोकं, चाळीस फूट, मधे खिळे. पाऊण तास लागला.

तपासायला कुणी नव्हतं. फोन टेबलावर ठेवला, कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आणि टाळी वाजवली. फोनमधूनही टाळी आली, जवळजवळ त्याच क्षणी. पुन्हा वाजवली. पाच वेळा वाजवून बघायची पद्धत आहे म्हणून पाच वेळा वाजवली.

तक्रार दूर झाली. रकान्यात तसं लिहिलं आणि सही करायला गेलो, पण केली नाही. खुर्चीत बसून रडलो. मांजर येऊन बघून गेलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

अर्डिसकडे जेवलो. आई हॉस्पिटलातून सोमवारी थेट वृद्धाश्रमात गेली. त्यावर चर्चा झालीच नाही, सही मागितली तेव्हा मी केली. आज तिला आणायचं नाही असं तिथल्या नर्सनं सांगितलं, खुबा अजून नाजूक आहे. टर्की होती, बटाटे होते. लेफ्से विकतची होती आणि कुणी खाल्ली नाही.

जेवणं झाल्यावर अर्डिस भांडी घासत होती आणि मी पुसत होतो. तेव्हा सांगितलं. वेळांसकट सांगितलं. वीस, बावीस, एकोणतीस, तीस.

तिनं नळ बंद केला नाही. बराच वेळ एकच कढई घासत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. म्हणत होती, लीलँड आलाय, दार उघड त्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

"फोनवर कसं सांगणार होते?" ती म्हणाली. "आणि हॉस्पिटलात आईच्या देखत सांगायचं होतं का?"

मग झाकणं कुठल्या कप्प्यात जातात ते दाखवलं. मी ती लावून ठेवली. निघताना तिनं उरलेल्या टर्कीचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "तिला भेटून जा. झोपलेली असताना नाही. जागी असताना."

मी हो म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी फार्गोला निघून आलो. हे आत्ता, शनिवारी लिहितोय.

५ डिसेंबर, गुरुवार

शेतावरचा कॅमेरा चालूच आहे. सकाळी उघडून बघतो. रिकामं स्वयंपाकघर. फ्रिज सुरू होतो तेव्हा लगेच ऐकू येतं, काही उशीर नाही. अर्डिस मांजराला घेऊन गेली. परवा मी शीळ घातली. कशासाठी ते विचारू नये.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज गेलो. टोपी गाडीतच ठेवली.

आईची खोली कोपऱ्यातली आहे. खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पायांवर तिचीच जुनी गोधडी. वजन फार उतरलंय. मी समोर जाऊन बसलो.

"बसा हो," ती म्हणाली. "कुणाकडे आलात?"

यावेळी मला थट्टा वाटली नाही. ऑगस्टमध्येही वाटली नव्हती. तेव्हा तसं लिहिलं होतं फक्त.

मी म्हणालो, "आई, मी लीलँड."

तिचा चेहरा असा खुलला की काय सांगू. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. वर बघत होती, छताच्या कोपऱ्यात, जिथं धुराची सूचना देणारं यंत्र आहे आणि त्याचा हिरवा दिवा लागतो. गोधडीवर तिची बोटं एकेक करून मिटायला लागली. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. ओठ हलत होते. मग म्हणाली, "बरी आहे मी, लीलँड. सगळं ठीक आहे. तुमच्याकडे कसं आहे?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं आवाज खाली आणला. "फार बोलू नकोस. इथं समोर कुणीतरी बसलंय. ऐकतायत."

मी उठलो. दुसरं काय करणार. खुर्ची उचलून तिच्या मागे नेली, तिला दिसणार नाही अशी, आणि बसलो. शीळ पहिल्यांदा फुटलीच नाही. दुसऱ्यांदा जमली. दोन लांब, एक आखूड.

तिनं केस नीट केले. "बोल लीलँड."

"गेला तो माणूस," मी म्हणालो. "आता कुणी नाही."

सात मोजले तिनं. "गुड्रुन?"

"गुड्रुन गेली, आई. लाइनवर आपण दोघंच आहोत."

सात. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त मानेवरचे पांढरे केस आणि खांदे.

"मग सांगते," ती म्हणाली. "ते कंपनीचे गृहस्थ आले होते ना उन्हाळ्यात, कॅमेरा बसवायला. टोपीवाले. त्यांना मी दिवसभर अहो-अहो करत होते. कॉफी दिली परक्यासारखी. ते गेल्यावर कप विसळताना लक्षात आलं, अगं हा तर आपला लीलँड. रस्त्यापर्यंत गेले मी. गाडी गेली होती."

मी सात मोजले नाहीत. खुर्ची तिच्या पाठीजवळ ओढली.

"तुला सांगणार होते. पण लाइनवर कसं सांगायचं असलं. लोक काय म्हणतील, स्वतःच्या मुलाला ओळखत नाही." गोधडी वर ओढली. "तू आलास तर पुन्हा तसंच होईल. आधीच सांगून ठेवते. रागावू नकोस आणि यायचा थांबू नकोस."

मी मोजायला लागलो. सातापर्यंत गेलो, पुन्हा एकपासून मोजले. ती वाट बघत राहिली. तिला सवय आहे.

"येतो मी, आई," मी म्हणालो. "लगेच येतो."

तिनं बोटं मिटली, एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन.

"ये. पण आत येताना शीळ घालत ये, म्हणजे मला कळेल तूच आहेस ते. आणि रस्त्यानं बर्फ असेल, सावकाश चालव."

बरं म्हणालो. मग बराच वेळ तिच्या मागेच बसून राहिलो.